सिताबाईच्या नावाचं दूध

"बंद कर म्हणलं ना ते सर्टिफिकिटाचं नाटक!" आण्णासाहेब ओरडले. "डेअरीचा चेअरमन तू हायस का मी?"

"तुमीच की," अनिसा म्हणाली. "पण सिताबाईंचं दूध सेंटर बंद करायच्या आधी चोर कोण ते बघा."

डेअरीचं सॉफ्टवेअर अनिसानं लिहिलेलं. गावोगावच्या संकलन केंद्रातलं मशीन दुधाचं माप सर्व्हरला पाठवायचं. पण सर्व्हर वाटेल त्याचं ऐकत नसे. आधी तो स्वतःची ओळख दाखवी, मग मशीनकडं त्याचं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र मागे. ते सर्टिफिकेट त्याच मशीनचं, हे सिद्ध करणारी गुप्त ‘की’, म्हणजे डिजिटल किल्ली, मशीनमध्येच असे. ज्याची त्याला.

आणि मशीन बसवणाऱ्या रणधीरनं काय करावं? येडशीजवळच्या केंद्रातलं मशीन बिघडलं. केंद्र आण्णासाहेबांच्या भाच्याचं, अमरसिंहाचं. रणधीरनं सिताबाईच्या मशीनमधली की आणि सर्टिफिकेट पेनड्राइव्हवर उचललं आणि तिथं टाकलं. म्हणे तात्पुरतं! तेव्हापासून अमरसिंहाचं पाणी घातलेलं दूध सिताबाईच्या नावावर चढू लागलं. कॅनवरची चिठ्ठीसुद्धा तिच्याच नावाची निघायची. भेसळीची नोटीस आली ती त्या बाईला.

"पुरावा हाय का?"

"एकाच टायमाला एकच सर्टिफिकेट दोन गावांतनं आलंय. सिताबाई काय दोन्हीकडं बसत्यात व्हय? सगळ्या संचालकांना मेल गेलाय."

आण्णासाहेबांचा आवाज खाली आला. "तुझी सर्व्हरची की रणधीरला दे आन् घरी जा. उद्यापस्नं येऊ नकोस."

"की कुणाला देत नसत्यात. त्याला त्याची निराळी काढा. माझी मीच रद्द करते, हातातलं काम झाल्यावर."

स्कूटीला किक मारून तिनं सिताबाईचं गाव गाठलं. जुनं सर्टिफिकेट रद्द केलं, तशी सर्व्हरनं दोन्ही मशीनना दारं लावली. मग तिनं सिताबाईच्या मशीनमध्येच नवी की तयार केली. ती बाहेर काढताच येऊ नये अशी. त्यावर नवं सर्टिफिकेट चढवलं.

"ही किल्ली ठिवायची कुणाजवळ, माय?" सिताबाईनं विचारलं.

"कुणाजवळच न्हाय, मावशी. मशीनच्या पोटात. रणधीर पेनड्राइव्ह घेऊन आला तर?"

"चप्पल दावीन मेल्याला."

सांजचं दूध आलं. पहिलं माप चढलं, स्क्रीनवर सिताबाईचं नाव उमटलं. अनिसाचा फोन वाजला. अमरसिंह. तिनं उचलला नाही.

"पर तुजी नोकरी?"

अनिसानं पालथ्या कॅनवर लॅपटॉप ठेवला, स्वतःचं सर्टिफिकेट रद्द केलं आणि पुन्हा सर्व्हरमध्ये शिरायचा प्रयत्न केला. सर्व्हरनं तिचं सर्टिफिकेट मागितलं, तपासलं आणि तिला बाहेरच ठेवलं. कोड बरोबर चालत होता.

"गाडी यील आता," सिताबाई म्हणाली. "एक कान धर बरं ह्या कॅनचा."

लॅपटॉप मिटून अनिसानं कॅन धरला.