तिसऱ्या ओळीतली फरशी

मिस्त्री बायकोला सोबत घेऊन आले, तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली. फायरप्लेससमोर फरश्यांचा ओटा घालायचा, चार हात लांब नि दीड हात रुंद. त्याला माणसं लागतात किती? काकूंनी मात्र खुर्ची ओढली, पिशवीतून लोकर काढली आणि खुशाल विणायला बसल्या. आता यांचा चहाही आपल्याच गळ्यात, असं मी मनाशी म्हटलं.

पहिला अख्खा दिवस मिस्त्री सिमेंटचा माल न लावता नुसत्या फरश्या मांडत होते. मांडायच्या, मागे सरकून बघायचं, पुन्हा उचलायच्या. आमची भिंत तिरकी आहे हे आम्हाला बारा वर्षांत कळलं नव्हतं, ते त्यांना सुतळी धरताच कळलं. कडेच्या फरश्या केसभर कमीजास्त कापून त्यांनी तो तिरकेपणा असा काही जिरवला, की ऊठसूट खोड काढणारा माझा नवरासुद्धा गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी माल लावून फरश्या बसवल्या. तिसऱ्या दिवशी तपासणी. खाली माल नीट भरला नसेल तर फरशी पोकळ वाजते, आणि आगीजवळची पोकळ फरशी पहिल्याच थंडीत तडकते, असं त्यांनी मला समजावलं. थापीच्या मुठीने ते एकेक फरशी वाजवत आणि दर वेळी मान वर करून काकूंकडे बघत. काकूंच्या सुया चालूच असत. मग पुढची फरशी. म्हातारपणीही काय हे प्रेम, म्हणून मला हसू आलं.

चहा घेऊन मी मागून दोनदा हाक मारली. मिस्त्री हलले नाहीत. काकूंनी वाकून त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा कुठे ते वळले.

काकू कप ठेवायच्या निमित्ताने माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या.

"यांना ऐकू येत नाही आता. फरशी कापायच्या मशीनने कान गेले," त्या हळूच म्हणाल्या. "कुठे बोलू नका बाई. कळलं तर काम कोण देणार? आणि कामाशिवाय हा माणूस चार महिने काढायचा नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहाचा हिशेब करत होते मी.

आम्ही बाहेर आलो. तिसऱ्या ओळीतली मधली फरशी वाजली, आणि ती पोकळ आहे हे मलासुद्धा कळलं. मिस्त्रींनी वर पाहिलं. सकाळपासून ते गुडघ्यांवर होते, एक हात कमरेवर दाबलेला. चारी बाजूंच्या फरश्या पक्क्या बसलेल्या, त्यांच्यामधून एक काढायची म्हणजे उरलेला दिवस गेला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, त्यांच्या जागी मी असते तर विणत राहिले असते.

काकूंनी सुया मांडीवर ठेवल्या.

मिस्त्रींनी थापी खाली ठेवली. छिन्नी घेतली आणि ती फरशी तुकड्यातुकड्याने काढली. शेजारच्या एकाही फरशीचा टवका उडाला नाही. नवी बसवेपर्यंत दिवे लागले होते. दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा आली, फक्त ती एक फरशी वाजवायला. काकूंच्या सुया थांबल्या नाहीत. माझा जीव भांड्यात पडला.

ओटा पुरता वाळल्यावर, तीन आठवड्यांनी, दोघं परत आली. पहिली आग स्वतःच पेटवायची, हा त्यांचा नेमच होता. लाकडांनी पेट घेतला, ऊब खोलीभर पसरली. मिस्त्री खाली बसले आणि तिसऱ्या ओळीतल्या त्या फरशीवर तळवा टेकवून बराच वेळ आगीकडे बघत राहिले. मग काकूंच्या ओठांकडे बघत त्यांनी विचारलं, "लाकूड तडतडतंय का गं?"

"तडतडतंय की," काकू म्हणाल्या. "छान तडतडतंय."

त्यांनी मान डोलावली. हात मात्र फरशीवरून काढला नाही.