मसुराचा पहिला घास

कपडे धुण्याच्या कारखान्यात वाफेच्या इस्त्रीवर काम करणारी ती थोरली सून स्वभावाने वाईट नव्हती. तिखट होती, पण चिमूटभर तिखटावाचून घर चालत नाही, हे सासूबाईही मान्य करायच्या. दोघींचं बरं जमायचं. खटका उडायचा तो वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, आणि तोही धाकट्या दिरापायी.

त्या घरात वर्षाचं पहिलं जेवण म्हणजे अख्ख्या मसुराचं पातेलं. मूठभर टाकला तरी फुगून पातेलं भरतो, तसं घर भरावं, असं सासूबाई म्हणायच्या. नियम एकच होता. सगळी माणसं बसल्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही. ज्याला मागे ठेवून जेवाल, तो वर्षभर मागेच राहील. आता धाकटा दीर काचा बसवायचं काम करायचा. हातात कसब होतं, पण वेळेशी छत्तीसचा आकडा. घरात त्याचं नावच उशीरराव पडलं होतं. मसूर दोनदा तरी गरम व्हायचा, मग हा दारात उभा राहून म्हणायचा, "माझ्याशिवाय तुम्हाला भूक तरी लागते का?" आणि रागावलेली माणसंसुद्धा हसायची.

एका वर्षी मात्र सुनेला हसू येण्यासारखं नव्हतं. सणाच्या गर्दीमुळे हॉटेलांच्या चादरींचे ढीग आठवडाभर उपसून तिचे पाय सुजले होते. दुपारनंतर परत कामावर जायचं होतं. दिराचा सकाळीच फोन आला होता, "वहिनी, आज एक गंमत घेऊन येतोय." जेवायची वेळ झाली, टळली. मुलं चमच्यांनी ताटं वाजवू लागली. नवरा घड्याळाकडे पाहत बसला.

"थोडं थांबू या, येईलच तो," सासूबाई म्हणाल्या.

"आई, त्यांच्यासाठी अजून किती वर्षं मसूर आटवायचा?" असं म्हणत तिने वाढायला घेतलं.

सासूबाई मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. आजी जेवत नाही म्हणून मुलंही खोळंबली. तेव्हा सून म्हणाली, "तुम्ही घास घेतल्याशिवाय ही पोरं जेवणार नाहीत. घ्या पाहू." सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, एक घास उचलला आणि कितीतरी वेळ चावत राहिल्या.

ताटं उष्टी होऊन पडली होती तेव्हा दीर आला. त्याच्या मागे एक मुलगी उभी होती, हातात संत्र्यांची पिशवी. पहिल्यांदा घरी जायचं तर रिकाम्या हाताने कसं, म्हणून दोघं उघडं दुकान शोधत गावभर फिरली होती. दीर काही बोलणार होता, पण ताटं दिसली आणि त्याने तोंड मिटलं. मुलीने एकदा ताटांकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"बरं केलंत," तो हसून म्हणाला. "आम्ही खाऊनच आलोय."

खाऊन आले नव्हते, हे सगळ्यांना कळत होतं. सुनेने आग्रह केला, गरम करून वाढलं. मुलीने चार चमचे खाल्ले. भांडण नाही, आदळआपट नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं सुनेला पुढे कितीदा वाटलं. भांडण मिटवता येतं.

दोघांनी लग्न केलं, घरची सगळी लग्नाला गेली, जेवून आली. पण नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी दिराला दरवेळी काहीतरी काम निघू लागलं. सासूबाई फोन करायच्या, तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." त्या जेवायला बसायच्या, पण दाराकडे तोंड करून. सुनेला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर तिने उलट उत्तर दिलं असतं आणि मन हलकं झालं असतं. असं करत करत एका हिवाळ्यात सासूबाई गेल्या.

ते वर्ष सरत आलं तेव्हा सुनेला राहवेना. दीर एका दुकानाची दर्शनी काच बसवत होता, तिथे ती जाऊन उभी राहिली. त्याने काच नीट टेकवली, हातमोजे काढले आणि पायरीवर तिच्याशेजारी बसला.

"त्या दिवशी मी आईंना बळेच घास घ्यायला लावला, भाऊजी," ती म्हणाली. "त्या थांबणार होत्या."

तो बोटांवर वाळलेला काचेचा चिकटा खरवडू लागला. "मला जेवणाचा राग नव्हता, वहिनी. ही वाटेत घाबरली होती. मी तिला सांगितलं होतं, आमच्याकडे माणसासाठी अन्न थांबतं, घाबरू नकोस. मग मीच खोटा पडलो." तो पुढे म्हणाला, "पण ते एका वर्षाचं झालं. पुढची वर्षं मीच घालवली. आई बोलवत होती आणि मी ताठ्यात होतो. ते तुमच्या माथी कशाला मारू?"

"या वर्षी याल?"

"येतो."

आणि तो आला, बायकोला घेऊन, चक्क वेळेआधी. मसूर अजून चुलीवरच होता. बायको चांगली होती, नीटनेटकी; तिने कौतुक केलं, पण परक्या घरी करतात तसं, आणि पाण्याचा पेलासुद्धा विचारून घेतला. सगळे बसले. मग सासूबाई घ्यायच्या तो पहिला घास आता कोणी घ्यायचा, ते कोणालाच कळेना. सून दिराकडे पाहत होती, दीर थोरल्या भावाकडे. शेवटी कोणीतरी "चला" म्हणालं आणि सगळ्यांनी मागेपुढे घास घेतले.

"आई मीठ जरा जास्त घालायची," दीर हळूच म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "मी त्यांना नेहमी टोकायचे त्यावरून."

तिने मिठाचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. त्याने ते घेतलं नाही. दोघंही खाली मान घालून जेवत राहिली.