वेळणेश्वरचं पाणी

शनिवारी संध्याकाळी बाबांनी फरीदाबादच्या आमच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर काडेपेटी उघडली. आत वाटाण्याहून लहान चार गोगलगायी होत्या, कोकणात वेळणेश्वरच्या समुद्रकाठच्या खडकावरून आणलेल्या. सरकारी नोकरीत त्यांनी आयुष्यभर याच मोजल्या, रिटायर झाल्यावरही त्याच.

"मेल्यात," मी म्हटलं.

"झोपल्यात. भरती पोचत नाही, नुसते तुषार उडतात, अशा जागी राहतात या. पाण्यात बुडवल्या तर चढून बाहेर येतात. ऊन तापलं की शंखाचं झाकण लावायचं, कडेला चिकट थेंब सोडून खडकाला चिकटायचं, आणि आठवडेच्या आठवडे गप्प." ते थांबले. "बोअर होतंय का, मीनू?"

ते नेहमी अर्ध्यावर असं विचारत. मी म्हटलं, "चलो, जेवायला बसा."

"उद्या चहा झाला की उठवू यांना." त्यासाठी आणलेली समुद्राच्या पाण्याची बाटली त्यांनी देवघराशेजारी ठेवली होती. तिथे ऊन येत नाही.

रविवारी चहा व्हायच्या आतच ते गेले. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर नाडी पाहून गेले. समोरच्या फ्लॅटमधल्या पद्मजाकाकूंनी तुळशीचं पान आणलं आणि देवघराजवळची बाटली उघडून दोन चमचे पाणी बाबांच्या तोंडात घातलं.

"हरिद्वारचं ना गं?"

मी होकारार्थी मान हलवली.

तेरावं झाल्यावर काकू आवरायला आल्या. त्यांनी काडेपेटी कानाशी हलवली. "रिकामे शंख दिसतायत. टाकू?"

"नको. बाबांचं काम राहिलंय." मी चौघींना वाटीत ठेवलं आणि त्यांच्यावर बाटली उपडी केली.

"अगं, गंगाजळ गोगलगायींना?"

"समुद्राचं आहे, काकू. वेळणेश्वरचं."

काकू खुर्चीत बसल्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हणजे त्या दिवशी मी... खारट लागलं असेल गं त्यांना."

"चाललं असेल त्यांना."

चहा निवला. वाटीत काही हललं नाही. मग एकीचं झाकण किंचित सरकलं, दोऱ्यासारख्या दोन शिंगं बाहेर आली. ती वाटीच्या कडेने चढू लागली. बाकीच्या तिघी तशाच होत्या.

"अगोबाई. समुद्रातली ना ही? मग पाण्यातून पळतेय कशाला?" काकूंनी विचारलं.

उत्तर मला येत होतं. पण मी बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले.

"बोअर नाही होत, बाबा," मी म्हटलं. "कधीच झालं नाही. पुढे सांगा."