मागच्या मोरीची जाळी

खारूला त्या पथकात मीच घातलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाई स्वतःचं सोडून सगळ्या जगाला शिव्या घालतेय.

खारू म्हणजे माझी मुलगी. वय सतरा. लहानपणी बघावं तेव्हा कपाटावर नाहीतर खिडकीच्या गजांवर, म्हणून खारू. तिचा बाप गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी एका मोठ्या हॉलची साफसफाई करते. करत होते. अकरा वर्षं. खाली सभागृह, वर दोन खोल्या, मागे सामानाची खोली आणि तिला लागून मोरी. तिथे दर रविवारी सोळा ते वीस वयाच्या पोरापोरींचं साहस पथक भरायचं. दोरखंड, तंबू, शिट्ट्या, गळ्यात हिरवे रुमाल. पहाटे डोंगरावर जायचे, दुपारी चिखलाने माखून परत यायचे आणि अर्धा डोंगर माझ्या फरशीवर आणून ओतायचे.

मला त्यांचा वैताग यायचा. पण एक गोष्ट मात्र मनापासून आवडायची. त्यांचे सर मोठे कडक. पोरांना सारखं बजावायचे, "प्रमुख कोण? जो सगळ्यात जड सॅक उचलतो आणि सगळ्यात घाण काम स्वतः करतो, तो." आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. एकदा एका पोराला सभागृहात उलटी झाली. मी बादली घेऊन धावले, तर तेव्हा प्रमुख असलेल्या मुलीने माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि गुडघ्यांवर बसून पुसायला लागली. चांगल्या खात्यापित्या घरची मुलगी हो. मी बघतच राहिले. म्हटलं, आपली खारू इथे आलीच पाहिजे. इथून शिकून निघाली की चार माणसं तिच्या हाताखाली काम करतील. माझ्यासारखी जन्मभर पोछा मारत बसणार नाही ती.

मग एक दिवस हातात पोछा घेऊनच सरांपुढे उभी राहिले. "सर, माझ्या पोरीला घ्याल का?"

"का नाही? पण दोरावरून उतरता आलं पाहिजे. आणि बारा गाठी, डोळे बांधून."

झालं! महिनाभर आमच्या घरात एक वस्तू मोकळी राहिली नाही. खुर्ची टेबलाला, टेबल खिडकीला. एकदा मी भाजी चिरत बसले होते तर माझा पाय स्टुलाला. उठायला गेले आणि तोंडावर आपटता आपटता वाचले. "अगं कार्टे!" म्हणून ओरडले, तर ही डोळ्यांवर टॉवेल गुंडाळून खो खो हसतेय.

सगळ्या गाठी जमल्या. प्रवेशाच्या अर्जावर माझी सही झाली, तिची सही झाली. तोवर तिने कधी सही अशी केलीच नव्हती. वहीच्या मागच्या पानावर पन्नास वेळा गिरवली आणि शेवटी एक ठरवली, खाली लांब रेघ आणि रेघेच्या शेवटी दोन टिंबं. मी म्हटलं, "टिंबं कशाला गं?" तर म्हणे, "एक तू, एक मी." मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

वर्षभरात पोरगी पार बदलली. खांदे रुंद झाले, आवाजाला धार आली. मग प्रमुख निवडायची वेळ आली. ज्याला प्रमुख व्हायचं त्याने आधी एक सेवा प्रकल्प करून दाखवायचा, म्हणजे कुठेतरी गरज ओळखायची, आखणी करायची आणि बाकीच्यांना कामाला लावायचं. जो प्रमुख होईल तोच बर्फातल्या दहा दिवसांच्या मोठ्या कॅम्पला जाणार. तिथून आलेल्या मुलांना पुढे शिकवणारे म्हणून नोकऱ्या मिळतात, असं सर सांगायचे. खारू झोपेतसुद्धा तो कॅम्प बरळायची.

कुणी झाडं लावली, कुणी म्हाताऱ्यांना मोबाईल शिकवला. आमच्या बाईसाहेबांनी काय ठरवावं? पथकाने केलेली घाण पथकानेच साफ करायची. माझा डावा गुडघा दोन वर्षं त्रास देत होता आणि मी रोज घरात त्याच्या नावाने बोंब मारत होते. ते हिच्या डोक्यात बसलेलं. "तू नुसती खुर्चीत बसून सांगायचं आई," म्हणाली. "बाकी आम्ही करतो."

मी हुरळले. खोटं कशाला बोलू? वीस पोरं माझ्यासमोर रांगेत उभी, आणि मी खुर्चीत. सुरुवातीला त्यांना काही म्हणजे काही येत नव्हतं. चष्मेवाला एक मुलगा होता, तो पोछा असा अलगद फिरवायचा की मी म्हटलं, "बाळा, पोछा पिळायचा असतो, कुरवाळायचा नसतो!" सगळी हसली. मी त्यांना शिकवलं, दारापासून नाही, कोपऱ्यापासून सुरू करायचं. काच आधी ओल्या कागदाने, मग सुक्या. आधी पाणी मारायचं मग घासायचं, कोरडं घासलं की फरशीवर ओरखडे उठतात. अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हे सगळं मला. जेवढं येत होतं तेवढं भडाभडा सांगितलं.

खारूने पाळ्यांचा तक्ता करून भिंतीवर लावला. रविवारचं होतं ते बुधवारीही सुरू झालं. मग वरच्या खोल्या, मग पंखे, मग संडास. पोरांना त्याचे सेवेचे तास लिहून मिळायचे, कॉलेजच्या प्रवेशाला ते कामी यायचे, त्यामुळे न बोलावता यायची. माझ्याकडे एकच काम उरलं, मागच्या मोरीची जाळी. ते काम शनिवारचं, आणि शनिवारी पोरं नसायची. मोरीत दोर आणि बूट धुतात. सगळा गाळ आणि दोरांचे धागे जाळीखालच्या वळणात जाऊन बसतात. मी एक जाड तार पुढून वाकवून ठेवली होती, मोरीच्या दाराच्या चौकटीवर. ती घालून दर शनिवारी गोळा ओढून काढायचा. एक शनिवार चुकला की रविवारी पाणी वर. आणि जाळीची एक कड तुटलेली, तिथे हात गेला की कापलाच.

खारू प्रमुख झाली. मी टाळ्या वाजवून वाजवून हात लाल केले.

नंतर महिन्याभराने हॉलच्या समितीचे सेक्रेटरी तपासणीला आले. हा माणूस म्हणजे खिडकीच्या कडेवरून बोट फिरवणार आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरणार. त्या दिवशीही फिरवलं. बोट स्वच्छ. दुसरीकडे फिरवलं. तेही स्वच्छ. भिंतीवरचा तक्ता बराच वेळ वाचत उभे राहिले आणि मला म्हणाले, "वा! बाई, तुमची मुलगी हुशार आहे."

पुढच्या सोमवारी त्यांनी मला पाकीट दिलं. मी तिथेच उघडलं. पथकाने हॉलच्या संपूर्ण स्वच्छतेची जबाबदारी स्वेच्छेने व कायमस्वरूपी स्वीकारली असल्याने महिनाअखेरीपासून सफाई कर्मचाऱ्याची आवश्यकता उरलेली नाही. आपल्या सेवेबद्दल समिती आभारी आहे. खाली तीन सह्या. एक सेक्रेटरींची. एक सरांची. तिसरी पथकप्रमुखांची, खाली लांब रेघ आणि शेवटी दोन टिंबं.

मी तो कागद चारदा वाचला. मग बादली भरली आणि वरच्या खोल्या पुसून घेतल्या. दुसरं काय करणार होते?

संध्याकाळी खारू कॉलेजातून आली तेव्हा कागद टेबलावर ठेवला होता. तिने बघितला आणि खांद्यावरची बॅगसुद्धा काढली नाही.

"न वाचता सही केलीस?" मी विचारलं. देवाशपथ सांगते, तिने हो म्हटलं असतं तर मी तिला जवळ घेतलं असतं. सगळा दोष त्या दोघा बाप्यांच्या माथी मारला असता आणि मोकळी झाले असते.

ती बॅगेचा पट्टा ओढत राहिली.

"खारू, मी काय विचारतेय? वाचलं होतंस?"

"हो."

मी कागदावरच्या त्या दोन टिंबांवर बोट ठेवलं.

मग ती बोलायला लागली. सफाईच्या बदल्यात समिती पथकाला हॉल फुकट देणार होती. सर म्हणाले, तुझाच प्रकल्प आहे, तूच मागे हटलीस तर मुलं काय शिकतील? सही केली नसती तर प्रमुखपद चष्मेवाल्याकडे गेलं असतं आणि कॅम्पही त्यालाच मिळाला असता. सही त्यानेही केलीच असती. "आणि ते तुला दुसरीकडे काम बघून देणार आहेत, सर बोललेत तसं. आई, तुझा गुडघा..."

"गुडघ्याचं नाव काढू नकोस!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारचा रेडिओ बंद झाला. "माझा गुडघा माझा आहे. त्याच्या आड लपू नकोस."

मला सेक्रेटरींचा राग आला होता, सरांचाही आला होता. पण खरा राग आला तो हिचा. माझ्या पोटच्या पोरीचा. आजही येतो.

दुसरं काम कुणी बघून दिलं नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी निरोप समारंभ केला मात्र. चहा, बिस्किटं, सेक्रेटरींचं भाषण. आणि पुष्पगुच्छ. तो कुणाच्या हस्ते? तर पथकप्रमुखांच्या! माझी मुलगी हिरवा रुमाल बांधून समोर उभी, मला गुच्छ देतेय, आणि सेक्रेटरी मोबाईल धरून म्हणताहेत, "बाई, जरा हसा." मी हसले. खारूने मान वर केली नाही.

किल्ल्या देताना सरांनी विचारलं, "आणखी काही सांगायचं राहिलंय?"

"वरच्या खोलीचा दिव्याचा खटका सैल आहे," मी म्हटलं. "बाकी सगळं सांगितलंय."

तार माझ्या पिशवीत होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. त्या शनिवारी मी जाळीला हात लावला नव्हता. आता येऊ दे म्हटलं पाणी वर. सेक्रेटरींचे चकचकीत बूट बुडू देत. मग येईल फोन, बाई, या हो, तुमच्याशिवाय होत नाही. मग बघू कुणाची आवश्यकता उरली आणि कुणाची नाही.

रविवारी पहाटे खारू गेली. तो कागद आल्यापासून आम्ही बोलत नव्हतोच. अकरा वर्षांत पहिल्यांदा रविवारी मी घरी होते. फोन टेबलावर ठेवला आणि समोर बसले. दुपारी दोन वाजता आवाज मोठा केला. तीन वाजता बघितलं, फोन बंदबिंद तर पडला नाही ना. नव्हता पडला.

खारू संध्याकाळी आली. गुडघ्यांपर्यंत ओली, अंगाला गटाराचा वास. उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत जाड पट्टी. हिरवा रुमाल खिशातून लोंबत होता, हिरवा म्हणून ओळखूही येत नव्हता.

"काय झालं गं?"

"मोरी तुंबली. पाणी सामानाच्या खोलीत शिरलं, दोर भिजले." ती खुर्चीवर टेकली. "सर तुला फोन लावत होते. मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला."

"का?"

"तुला काढून टाकायचं आणि गटार उपसायला परत बोलवायचं? मी म्हटलं, आईला नाही बोलवायचं. प्रमुख मी आहे, मी हात घालते."

मी टॉवेल आणून तिच्या मांडीवर टाकला.

"कोपरापर्यंत घातला. ओढून काढताना कडेला कापलं. नऊ टाके पडले." पट्टीकडे बघत ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले दोन महिने दोराला हात लावायचा नाही. कॅम्पला आता चष्मेवाला जाणार."

तिने डाव्या हाताने खिशातला रुमाल काढून टेबलावर टाकला.

"लहान असताना शनिवारी तुझ्याबरोबर यायचे ना मी," ती म्हणाली. "तुझ्याकडे एक तार होती. वाकडी. चौकटीवर ठेवायचीस. हात घालायच्या आधी मी चौकटीवर बघितलं, आई. दोनदा बघितलं. नव्हती."

दाराच्या खिळ्याला माझी पिशवी लटकत होती. वर्तमानपत्राचं टोक बाहेर आलं होतं. तिनेही ते बघितलं असणार.

"तू नेलीस?"

"हो," मी म्हटलं.

ती रडली नाही, ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल. मी उठले आणि तिचे बूट काढायला खाली बसले. गुडघा कट्‌कन वाजला. लेसना हात लावला तर तिने पाय मागे घेतला.

"राहू दे. मी काढते."

लेस पाण्याने फुगल्या होत्या, गाठ आवळून बसली होती. डोळे बांधून बारा गाठी मारणारी पोरगी माझी, डाव्या हाताने एक साधी गाठ सोडवत बसली. ती काही सुटेना. मी तशीच खाली बसून राहिले.