जकोरीसाठी एक फोन

“टीव्ही बंद करा,” मी म्हटलं, पण एक जण हलेल तर शपथ.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. माझे भाऊ, त्यांची पोरं, चर्चमधल्या बाया, पास्टरसाहेब, सगळे जकोरीच्या कॉलेजचे हिरवे शर्ट घालून बसलेले. ड्राफ्टचा शेवटचा दिवस होता. टीव्हीवर एकेका व्यावसायिक फुटबॉल संघाचा माणूस येऊन निवडलेल्या पोराचं नाव वाचत होता. जकोरी, माझा मुलगा, सोफ्याच्या कडेला गुडघ्यावर फोन ठेवून बसला होता. निवड झाली की आधी फोन येतो, मग टीव्हीवर नाव येतं. फोन वाजला, तसे सगळे उठून उभे राहिले. डेट्रॉइटहून माझी बहीण होती. “आलं का गं नाव?” मी तिला काय बोलले ते पास्टरसाहेबांनी ऐकलं नाही, देवाची कृपा.

शेवटचं नाव एका किकरचं निघालं. म्हणजे चेंडूला नुसती लाथ मारून पुन्हा बाकावर जाऊन बसणारं पोरगं. त्याला घेतलं. चेंडू पोटाशी धरून धिप्पाड माणसांच्या भिंतीत घुसणारा माझा मुलगा कुणालाच नको होता. जकोरी उठला. “सगळ्यांनी जेवून जा हं,” एवढं बोलून मागच्या दारानं अंगणात गेला. मी त्याच्या मागे गेले नाही. मला माझ्या पोराचे खांदे कळतात.

आमच्या अलाबामात शेंबडं पोरही सांगेल, चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकच्या पायांत हंगाम मोजकेच असतात. जकोरी कॉलेजात गेला तेव्हा हरणासारखा पळायचा. तीन वर्षं कोच ब्रॅनमनं त्याच्या हातात चेंडू कोंबला. संघ जिंकत होता, कोचचा पगार वाढत होता आणि प्रत्येक खेळीत चार-पाच धटिंगण माझ्या पोराच्या अंगावर पडत होते. रविवारी घरी यायचा तेव्हा व्हरांड्याच्या पायऱ्या त्याला चढवत नसत. पायरीवर बसायचा आणि मागे सरकत सरकत वर यायचा, वर मलाच हसवायचा, “मम्मा, बघ, उलटी गाडी!”

कॉलेजचं एक वर्ष बाकी होतं. पण पायांत जोर आहे तोवर ड्राफ्टला नाव द्यायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं. एकदा नाव दिलं की, निवड झाली नाही तरी, कॉलेजच्या संघाचं दार बंद, हेही आम्हाला ठाऊक होतं. जानेवारीत कोच ब्रॅनम स्वतः आमच्या घरी आले. माझ्या हातचे तळलेले मासे खाल्ले, बोटं चाटली, जकोरीच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली. “मिस अर्लीन, अजून एक वर्ष राहिला असता तर बरं झालं असतं. पण तुमचा पोरगा तो माझा पोरगा. जाऊ दे त्याला. मी सगळ्यांना त्याच्याबद्दल चांगलंच सांगेन.” मी रडले. अगदी मूर्खासारखी रडले.

ड्राफ्टनंतरच्या आठवड्यात मिस्टर हॅगर्टींचा फोन आला. हे एका संघासाठी पोरं हेरत फिरणारे म्हातारे गृहस्थ. मार्चमध्ये घरी येऊन जकोरी कधी झोपतो, कुणाबरोबर हिंडतो, सगळं विचारून गेले होते.

“बाई, मला राहवलं नाही म्हणून फोन केला,” ते म्हणाले. “पोराला कुणी का घेतलं नाही, ते तुम्हाला कळायला हवं. तुमच्या कोचनंच आम्हाला सांगितलं. म्हणे, पायांतलं संपलंय. मेहनतीचा कंटाळा आहे. माझ्याकडे अजून वर्षभर राहायला हवा होता, ऐकलं नाही.”

“आणि तुम्ही ते खरं मानलंत?”

“रनिंग बॅक ढिगानं मिळतात हो. एकासाठी कोण धोका पत्करतो?”

कोचचा डाव मला तेव्हा कळला. पोरगा राहिला नाही ना त्याच्याकडे, मग दुसऱ्या कुणाकडेही जाता कामा नये.

मी माशांच्या कारखान्यात काम करते. तळ्यातले मिशीवाले मासे येतात, त्यांचं पातळ सुरीनं मांस सोडवायचं. त्या दिवशी मी ज्या त्वेषानं सुरी चालवली, तो पाहून शेजारची व्हेटा घाबरली. आम्ही दोघी कितीतरी वर्षं एकाच टेबलापाशी उभ्या राहतोय.

“अर्लीन, अगं, मेलाय तो मासा.”

“माहितेय मला.”

“मग पुन्हा कशाला मारतेस त्याला?”

मी तिला सगळं सांगितलं. पास्टरसाहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, “क्षमा कर त्याला.” मी म्हटलं, “करीन की. आधी त्याचं वाटोळं होऊ दे.” खोटं कशाला बोलू? रोज सकाळी दात घासताना मी त्या माणसाचं वाईट चिंतत होते, आणि त्यानं मला बरं वाटत होतं.

जकोरीलाही मी सांगितलं. तो म्हणाला, “मम्मा, सोड. मला फक्त एक बोलावणं येऊ दे कुठल्यातरी संघाचं. एकदा मैदानात उभं राहू दे. बाकीचं मी बघतो.” संघात कुणी जखमी झालं की कधीकधी अशा पोरांना चाचणीला बोलावतात. त्या आशेवर तो पहाटे शाळेच्या मैदानावर पळायचा आणि दिवसभर लाकडाच्या वखारीत राबायचा. उन्हाळा गेला, पानगळ आली. फोन काही आला नाही.

डिसेंबरात व्हेटानं टेबलापाशी माझ्या बरगडीत कोपर मारलं.

“तुझा ब्रॅनम येतोय शनिवारी. माझ्या घरी.”

तिचा मुलगा कामरिन शाळेच्या शेवटच्या वर्षाला होता आणि जकोरीनंतर आमच्या सगळ्या परगण्यात त्याच्यासारखा पळणारा कुणी नव्हता. दहा कॉलेजं त्याच्या मागे लागलेली. जकोरी गेल्यापासून ब्रॅनमचा संघ सपाटून मार खात होता. हा पोरगा मिळाला नाही तर कोचची खुर्ची गेली, असं सगळे बोलत होते.

“आणि कामरिनला तिथंच जायचंय,” व्हेटा म्हणाली. “जकोरी जिथं खेळला तिथंच. माझं ऐकतोय कुठं! तू ये. मासे तूच तळ.”

“त्याच्यासाठी? मी?”

“तळ गं. आणि मग तुला काय बोलायचं ते बोल.”

मी तिच्याकडे बघितलं. ती हसू दाबायला गाल आत ओढून मासा कापत होती. अशी मैत्रीण देव सगळ्यांना देवो.

शनिवारी दुपारी मी व्हेटाच्या स्वयंपाकघरात उभी होते. मक्याच्या पिठात घोळवलेले तुकडे तेलात सोडत होते. बाहेर कोचचं हसणं ऐकू येत होतं, कामरिनच्या आजोबांशी शिकारीच्या गप्पा चालल्या होत्या. माणूस गोड बोलण्यात पटाईत, ते नाकारून चालणार नाही. मी मनात वाक्यं जुळवत होते, तेवढ्यात तो पाणी मागायचं निमित्त करून आत आला आणि मला बघून जागच्या जागी थबकला.

“मिस अर्लीन.”

“या कोच. ग्लास तिथं आहे.”

त्यानं पाणी घेतलंच नाही. दार ओढून घेतलं. “जकोरी कसा आहे?”

“पळतोय रोज. पायांतलं संपलंय ना, म्हणून.”

त्याचा चेहरा उतरला. कुणीतरी बोललंय हे त्याला समजलं. मग तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “हे बघा. माझा एक मित्र आहे, टेक्ससच्या संघात. वसंतात त्यांचं शिबिर असतं. मी एक फोन केला तर जकोरीला बोलावतील. नक्की बोलावतील. फक्त आज या पोरासमोर जुनं काही उकरू नका. मासे वाढा, हसा, एवढंच.”

माझा हात थांबला. तुम्ही आई असाल तर तुम्हाला कळेल. इतके महिने ज्या फोनची वाट बघितली तो या माणसाच्या खिशात होता, आणि तो मला काढून दाखवत होता.

“मग करा,” मी म्हटलं. “आत्ता. माझ्यासमोर करा.”

“आज शनिवार. कोण उचलेल? सोमवारी करतो. शब्द देतो तुम्हाला.”

“जानेवारीतही दिला होतात.”

“मिस अर्लीन, पोराचा विचार करा.”

पोराचाच विचार करत होते मी. पण त्या पोराला पायरीवर बसून मागे सरकायला लावणारा माणूस माझ्यासमोर उभा होता, अंगाला अत्तर लावून, आणि दाराबाहेर आणखी एक पोरगा त्याची वाट बघत होता. खरं सांगू? त्या क्षणी मला कामरिनही दिसला नाही आणि जकोरीही दिसला नाही. मला फक्त ब्रॅनमचं तोंड दिसत होतं आणि ते पडलेलं बघायचं होतं. तुकडे करपायला आले होते. मी ते ताटात काढले, दार उघडलं आणि बाहेर गेले.

सगळ्यांना वाढलं. कोचला सगळ्यात मोठा तुकडा वाढला. मग हात पुसून म्हटलं, “कामरिन, बाळा, तुझे कोच आत्ता आत जकोरीसाठी फोन करतो म्हणाले. टेक्ससला. मी गप्प बसले तर.”

“गप्प म्हणजे?” कामरिननं विचारलं.

“ड्राफ्टच्या आधी त्यांनी सगळ्या संघांना सांगितलं की जकोरीचे पाय संपलेत आणि तो कामचुकार आहे. ते मी तुला सांगू नये म्हणून.”

कोच हसला. “पोरा, आमच्या धंद्यात खरं तेच बोलावं लागतं. मी माझं प्रामाणिक मत दिलं.”

कामरिन सतरा वर्षांचा, बोलायला लाजणारा. तो ताटाकडे बघत म्हणाला, “पाय खरंच संपले असतील, तर आता टेक्ससला काय सांगणार होतात?”

कोच ब्रॅनमनं तोंड उघडलं आणि मिटलं. मी ते डोळे भरून बघून घेतलं. आजोबांनी खुर्ची मागे सरकवली. व्हेटा उठली, कागदी पिशवी घेऊन आली आणि मध घातल्यासारख्या आवाजात म्हणाली, “कोच, लांबचा रस्ता आहे तुमचा. मासे बांधून देऊ का बरोबर?”

मी गाणं म्हणत घरी आले. त्यात लपवण्यासारखं काय आहे? जकोरी वखारीतून येऊन टेबलापाशी बसला होता. मी त्याला सगळं हातवारे करून सांगितलं, कोचचं तोंड कसं झालं, व्हेटा काय म्हणाली. तो हसेल म्हणून थांबले. तो हसला नाही.

“टेक्सस म्हणाला?”

“अरे, खोटारडा तो. केला असता होय फोन?”

“नसता केला कदाचित.”

“कदाचित काय? नसताच केला!”

“हो, मम्मा.” त्यानं बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट भिंतीला लावून ठेवले. “पण फोन माझ्यासाठी होता. मला विचारायचंस तरी.”

मी खूप बोलले. तुझ्यासाठीच केलं म्हटलं, त्या पोराला वाचवलं म्हटलं, माझाही काही स्वाभिमान आहे म्हटलं. तो ऐकत राहिला. मान हलवत होता. नंतर उठून माझ्यासाठी कॉफी करून आणली आणि झोपायला गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

कामरिन दुसऱ्या कॉलेजात गेला. पहाटेचं पळणं जकोरीनं कधी सोडलं ते मला सांगता येणार नाही. एके दिवशी मला जाग आली तेव्हा तो घरातच होता. वसंतात वखार बंद पडली, तसा तो आमच्याच कारखान्यात लागला, बर्फाच्या खोलीत पेट्या उचलायला.

पुढच्या नोव्हेंबरात ब्रॅनमला काढलं. सकाळी कारखान्याची व्हॅन चर्चसमोर उभी होती तेव्हा व्हेटानं फोनवर ते सगळ्यांना वाचून दाखवलं. व्हॅनमध्ये आरडाओरडा झाला. कुणी माझ्या पाठीवर थापा मारल्या, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी हसत होते. इतके दिवस जे मागितलं ते मला मिळालं होतं.

“जकोरी कुठाय? त्याला सांगा!” कुणीतरी ओरडलं.

तो रस्त्याच्या टोकाला दिसला, हातात डबा घेऊन. व्हॅन सुटायची वेळ झाली होती. ड्रायव्हरनं गिअर टाकला. सगळे खिडक्यांतून डोकी काढून ओरडू लागले, “पळ, जकोरी! अरे, पळ!” त्यांना वाटत होतं, बघावं पुन्हा एकदा. या परगण्यात त्याच्यासारखं पळणारं दुसरं कुणी त्यांनी बघितलेलं नव्हतं.

त्यानं हात वर करून ऐकल्याचं दाखवलं आणि चालत राहिला. हळूहळू आरडाओरडा थांबला. मी खिडकीची काच वर केली. ड्रायव्हरनं गिअर परत काढला, आणि जकोरी चालत येऊन दार उघडून आत बसेपर्यंत व्हॅन उभी राहिली.