राजघराण्यातली पायली

वैभवीला जुन्या वस्तूंचा भारी नाद. त्या रविवारी रामटेकहून आलेल्या जिजाबाई मावशीलाही ती प्रताप नगरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात घेऊन गेली. तिथं फळीवर धान्य मोजायची एक पितळी पायली चमकत होती; तिला 'राजघराणं' लिहिलेली चिठ्ठी लावली होती. "राजघराण्यातली आहे, मॅडम," दुकानदार म्हणाला.

मावशी जवळ गेली आणि तिचा चेहरा लाल झाला. "राजघराण्यातली? हे तं माही पायली हाय! दिवाळीत टेम्पो घेऊन तूच आलता ना गा? भंगार हाय, भट्टीत गळवाले नेतो म्हणे! माह्या सासूनं यात चाळीस वर्षं धान मोजलं."

"तुमचा गैरसमज होऊन राहिला, मावशी."

"मंग यावर कोरलेलं सासूचं नाव काहून घासलं?" मावशीनं कडेवरच्या ताज्या ओरखड्यांवर बोट ठेवलं. गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. दुकानदार हळूच म्हणाला, "घेऊन जा तुम्ही. पैसे नको."

वैभवीनं हात पुढे केला, पण मावशीनं तो अडवला. "मले भीक नको. विकली ते विकली. पण खोटं नको सांगू."

तिनं पेन मागितलं, चिठ्ठीवरचं 'राजघराणं' खोडलं आणि दाबून दाबून सासूचं नाव लिहिलं: सरस्वताबाई, रामटेक.