वसुबारसेची गाय

छावणीतल्या साहेबलोकांची कुत्री रंगवता रंगवता मी म्हातारी झाले. पग, लॅब्रॅडॉर, आल्सेशियन, सगळी पेस्टलमध्ये. साहेबांच्या दिवाणखान्यात कुत्र्याला सोनेरी चौकट मिळते, माझ्या सहीवर मात्र तिची पट्टी येते. आणि घरी? जनार्दनदादाला कोणी विचारलं, 'बहनजी क्या करती हैं?' की हा म्हणणार, 'कुछ नहीं जी, शौक है.' मेला शौक!

यंदा मात्र मी गाय काढली. विक्रम दूधवाल्याची कपिला, वासराला चाटताना. ओरछा गेटजवळच्या त्याच्या गोठ्यात शेणात पाट टाकून बसायची मी. चित्र झालं आणि त्याने गोठाच विकला. गाई कुठे गेल्या, त्याचं त्याला ठाऊक. भोपाळच्या प्रदर्शनासाठी चित्रं निवडणाऱ्या विद्याजी ते पाहायला वसुबारसेच्या दुसऱ्या दिवशी घरी येणार होत्या. निवडलं असतं तर साठीला का होईना, चार लोकांत मी चित्रकार ठरले असते. मला ते हवं होतं. फार हवं होतं.

पेस्टल म्हणजे रंगाची भुकटी. बोट लागलं की गेलं. फवारा मारून पक्कं करतात, पण त्याने रंग काळवंडतात, म्हणून मी थेट काचेखालीच घालते. बड्या बाजारातला फ्रेमवाला म्हणाला, 'दीदी, सुबह ले आइए.' चित्र घरीच भिंतीला टेकवून ठेवलं आणि भाजी आणायला गेले.

त्या दिवशी वसुबारस. रजनीवहिनींचा उपास. इथे रस्त्यावर गाई पायलीला पन्नास, पण वासरासकट शांत उभी राहील अशी एक नाही. मागच्या वर्षी एकीने वहिनींना शिंगावर घेतलं होतं.

परत आले तर चित्रापुढे रांगोळी, निरांजन. गाईच्या कपाळावर ओल्या बोटाने हळदकुंकू. पाय धुवायचे म्हणून खुरांवर पाणी घातलेलं, त्याचे गढूळ ओघळ खाली फरशीपर्यंत. आणि कुंकू फिसकटलं म्हणून वहिनींनी पदराने गाईचं तोंड पुसून काढलं होतं. डोळे गेले होते.

"बघा तरी वन्सं, किती प्रसन्न दिसतेय!"

मनात काही वाईट नाही हो बाईच्या. त्याचाच तर जास्त संताप आला.

"तुमचे डोळे फुटले होते का?" मी ओरडले. सणाचा दिवस, समोर दिवा.

वहिनी रडायला लागल्या. दादा धावत आला. "अगं, तिने तुझ्या चित्राला हात जोडले आणि तू तिलाच बोलतेस? दुसरी काढ की!"

"कपिला कुठून आणू?"

"गाय ती गाय. त्यात काय एवढं?"

दुसऱ्या दिवशी विद्याजी सकाळीच आल्या, फ्रेमवाल्याचं दुकान उघडायच्या आत. चित्र जवळ वाकून पाहिलं. 'अगली बार देखेंगे, मुग्धाजी,' म्हणाल्या. मी कुत्र्यांची चित्रं पुढे केली, ती त्यांनी तशीच परत दिली. चहा मात्र पूर्ण प्यायल्या.

त्या गेल्यावर दादा म्हणाला, "आता रजनीची माफी माग. कालपासून अन्नाला शिवली नाहीये ती."

मागितली. पाया पडून मागितली. घर दादाचं आहे, या वयात मी जाऊ कुठे?

वहिनींनी मला जवळ घेतलं. "जाऊ द्या हो वन्सं. चित्राचं काय एवढं, माणसं महत्त्वाची." मग आम्हा दोघींची पानं वाढली. भाकरी, गवारीची भाजी. मी जेवले.